शफल लावलं तरी विलंबितामागून द्रुतच यावं म्हणून

घरी गणपती बसलेत, मोबाइल स्पीकरला जोडलाय, आरत्यांचा फोल्डर लावला. आदल्या रात्री चालू केलेलं शफल, म्हणजे गाणी क्रम मोडून वाजवायची सोय, तसंच राहिलंय हे कुणाच्या लक्षात नाही. आधी मंत्रपुष्पांजली होते, मग देवीची आरती, मग घालीन लोटांगण, आणि गणपतीची आरती येईपर्यंत ताटातला कापूर विझलेला असतो. गाडीतही तेच. सोलापूरहून पंढरपूरला निघालात, पेनड्राइव्हवर हजारभर गाणी आहेत. मोहोळ जवळ येताना संथ लयीतला विलंबित ख्याल संपत आलाय, आता तबला लय बदलणार, गायक जलद लयीतली द्रुत बंदिश उचलणार, आणि नेमक्या त्या क्षणी लग्नाच्या वरातीतलं गाणं सुरू होतं.

यात प्लेअरचा दोष म्हणावा तर तो इतकाच, की त्याच्या लेखी प्रत्येक फाइल सुटी असते. दोन फाइली मिळून एकच मैफल आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायचं कसं, आणि ज्या यंत्राला सांगताच येत नाही तिथे काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. एकमेकांना चिकटून वाजायला हव्यात अशा गाण्यांना या लेखात जोडगाणी म्हटलंय.

आधी जोड ओळखा

बहुतेकांची घाई इथेच नडते. संगणक उघडून टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याची माहिती) भरायला बसण्याआधी वही घ्या आणि कोणती गाणी खरोखर जोडलेली आहेत ते लिहून काढा. जोड तीन प्रकारची असते.

पहिल्या प्रकारात आवाजच पुढे वाहत जातो. विलंबित आणि द्रुत, वाद्यावरचे आलाप-जोड-झाला हे टप्पे आणि त्यामागची गत, थेट मैफलीतलं गाणं आणि त्यानंतरच्या टाळ्या. सीडी तयार करणाऱ्याने सोयीसाठी मध्ये ट्रॅक पाडलेला असतो, पण तानपुरा थांबलेला नसतो. दुसऱ्या प्रकारात मध्ये शांतता असते, पण अर्थ पुढे चालू राहतो. निवेदन आणि त्यामागचं गाणं, तमाशातला गण आणि त्यानंतरची गवळण, आरतीचा क्रम, भजनातला जयघोष आणि त्याला लागून येणारा रूपाचा अभंग हे सगळे या प्रकारचे. सोलापुरात कन्नड वचनगायनाच्या ध्वनिमुद्रणांतही हे आढळतं: आधी वचनाचा अर्थ बोलून सांगतात, मग ते गातात, आणि दोन्हींच्या फाइली वेगळ्या असतात. तिसरा प्रकार माध्यमाने लादलेला. एलपीची एक बाजू साधारण वीस-पंचवीस मिनिटांची आणि साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे लांब कीर्तन किंवा राग मध्येच तोडून दुसऱ्या बाजूला नेलेला असतो. कॅसेटवरून डिजिटल करून घेतलेल्या संग्रहात अशी तुटलेली जोडपी खूप सापडतात.

ओळखायची चाचणी सोपी आहे. पहिल्या गाण्याचे शेवटचे दहा सेकंद ऐका आणि लगेच दुसऱ्याचे पहिले दहा. षड्ज (मूळ सा) तोच आणि साथ चालूच असेल तर पहिला प्रकार. तसं नसेल तर दुसरं गाणं एकटंच लावून बघा. त्याची सुरुवात अर्धवट वाटली, मागचं काही निसटल्यासारखं वाटलं, तर जोड आहे. नाही वाटलं तर सोडून द्या.

जोड कमी ठेवायची, हे आमचं ठाम मत. अख्खा अल्बम एकत्र बांधला की शफलचा उपयोगच संपतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणाची ५६ गाणी एकाच कथेची आहेत, तरी प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे उभं राहतं. ती सगळी एका गटात टाकली तर एकदा पाळी आली की कित्येक तास दुसरं काही वाजणार नाही. एका गटात दोन ते पाच फाइली आणि एकूण वेळ अर्ध्या-पाऊण तासाच्या आत, हा अंदाज बहुतेक संग्रहांना पुरतो.

हरिपाठ किंवा काकड आरती हे याला अपवाद. ते तोडता येत नाहीत आणि भर दुपारी मधूनच लागले तर बरंही वाटत नाही. असं साहित्य शफलमधून पूर्ण बाहेर ठेवा. मॅकवरच्या म्युझिक ॲपमध्ये गाण्याच्या माहितीच्या खिडकीत ऑप्शन्स या भागात 'स्किप व्हेन शफलिंग' अशी खूण असते, ती लावली की झालं. इतर प्लेअरमध्ये हे साहित्य वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि शफलच्या प्लेलिस्टमध्ये तो फोल्डर घेऊच नका.

कॉपी, आणि मग साफसफाई

टॅग बदलणं म्हणजे मूळ फाइलमध्ये लिहिणं, म्हणून सगळ्यात आधी संग्रहाची एक पूर्ण कॉपी. जागेचा हिशोब असा: ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी घेते. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, अशी पाच हजार गाणी ६० जीबी. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती कशीबशी मावतील, १२८ जीबीचा घ्या.

कॉपी झाली की ट्रॅक नंबर तपासा. गट एकत्र राहिला तरी त्यातला क्रम बहुतेक वेळा ट्रॅक नंबरावरूनच ठरतो. तिथे हमखास होणाऱ्या चुका तीन. ट्रॅक नंबरच्या रकान्यात मराठी अंक भरलेले असतात. आपल्याला ते वाचता येतात, पण बरेच प्लेअर त्याला आकडा मानत नाहीत आणि क्रम नावावरून लावतात. या एका रकान्यात इंग्रजी अंकच ठेवा. दुसरी चूक फाइलच्या नावांची: एक, दोन असे एकेरी अंक दिले की कित्येक यंत्रं एकनंतर थेट दहा वाजवतात, कारण ती अक्षरानुसार लावतात. पुढे शून्य देऊन दोन अंकी करा. तिसरी कॅसेटची. बाजू 'अ' आणि बाजू 'ब' दोन्हींचे ट्रॅक एकपासून सुरू झालेले असतात, त्यामुळे दोन एक नंबर आणि दोन दोन नंबर तयार होतात. एकतर सलग नंबर द्या, नाहीतर डिस्क नंबरमध्ये बाजू लिहा.

देवनागरीचं एक जुनं दुखणंही इथेच उगवतं. एमपीथ्रीच्या आयडीथ्री टॅगची पहिली आवृत्ती, म्हणजे व्ही-वन, गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम अशा रकान्यांत फक्त तीस अक्षरं ठेवते आणि तीही रोमन. तिच्यात मराठी, कन्नड, तेलुगू काहीच बसत नाही, प्रश्नचिन्हं उरतात. सोलापूरच्या घरातल्या संग्रहात या तीनही भाषा एकत्र नांदतात, म्हणून टॅग व्ही-टू-पॉइंट-थ्री आवृत्तीत आणि युनिकोडमध्येच (सगळ्या लिप्या साठवता येणाऱ्या पद्धतीत) ठेवा. विंडोजवर हे काम एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम नीट करतो. त्याच्या सेटिंगमध्ये टॅग्ज, मग एमपेग इथे लिहिण्याची आवृत्ती निवडता येते.

गटाला नाव द्या

टॅगमध्ये ग्रुपिंग नावाचा एक रकाना असतो. बहुतेकांच्या संग्रहात तो रिकामाच असतो. जोडगाण्यांची खूण इथे ठेवायची: एका गटातल्या सगळ्या फाइलींच्या ग्रुपिंगमध्ये एकच मजकूर. एकट्या गाण्याचं ग्रुपिंग रिकामं.

हा मजकूर संपूर्ण संग्रहात दुसऱ्या कुठल्याही गटाला दिलेला नसावा. नुसतं 'भजन' किंवा 'यमन' लिहिलंत तर प्लेअरच्या दृष्टीने संग्रहातली सगळी भजनं म्हणजे एकच गट, आणि तो तीनशे भजनं ओळीने वाजवत बसतो. राग, कलाकाराचं आडनाव आणि एक क्रमांक असं नाव पुरेसं होतं.

मजकूर अक्षरन् अक्षर सारखा हवा. मराठीत हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द आतून वेगळा असू शकतो. एका फाइलीत 'दुर्गा' आणि दुसरीत 'दूर्गा', शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा, विसर्गाऐवजी टाइप झालेला कोलन, मोबाइलच्या कीबोर्डने अक्षरांमध्ये टाकलेलं न दिसणारं जोडचिन्ह, किंवा एकीकडे मराठी ३ आणि दुसरीकडे इंग्रजी. यातलं काहीही झालं तरी प्लेअर दोन वेगळे गट मानतो. म्हणून प्रत्येक फाइलीत वेगळं टाइप करायचं नाही. गटातल्या सगळ्या फाइली कंट्रोल दाबून एकत्र निवडायच्या आणि रकान्यात एकदाच लिहायचं. गटाचं नाव तुम्हाला क्वचितच बघावं लागतं, त्यामुळे ते रोमन लिपीत ठेवलं तरी बिघडत नाही, उलट अर्ध्या कटकटी टळतात.

आणखी एक काळजी. ग्रुपिंगचा रकाना प्रत्येक प्रोग्राम फाइलीत एकाच जागी लिहीत नाही. एमपीथ्रीमध्ये यासाठी दोन वेगळ्या चौकटी वापरात आहेत, आणि एका प्रोग्रामने भरलेला मजकूर दुसऱ्याला रिकामा दिसू शकतो. ज्या प्लेअरमध्ये ऐकणार आहात, त्याच प्लेअरमधून हा रकाना भरा.

फूबार२०००, विंडोजवर

हा प्लेअर फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतो, आणि गट कसा ओळखायचा हे त्याला आपण स्वतः सांगू शकतो. या कामासाठी विंडोजवर आमची पहिली पसंती हाच.

गटातल्या फाइली निवडा, ऑल्ट आणि एंटर दाबा. प्रॉपर्टीजची खिडकी उघडेल. यादीच्या तळाशी नवा रकाना जोडायची जागा आहे. तिथे रकान्याचं नाव ग्रुपिंग द्या, समोर गटाचं नाव लिहा, ओके करा. असे सगळे गट भरून घ्या.

मग कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस उघडा. डावीकडे सगळ्यात खाली ॲडव्हान्स्ड, त्यात प्लेबॅक, त्यात शफल. तिथे अल्बमचा गट कशावरून पाडायचा याचा एक नमुना लिहिलेला असतो. मुळात तो अल्बम कलाकार, तारीख आणि अल्बमचं नाव यांवरून गट पाडतो. तो नमुना कागदावर उतरवून ठेवा आणि त्या जागी हा लिहा (इथे देवनागरीत दाखवलाय, टाइप करताना सगळे शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत, आकडाही इंग्रजी, मध्ये कुठेही जागा न सोडता):

$इफ२(%ग्रुपिंग%,%पाथ%)

अर्थ असा: ग्रुपिंग भरलेलं असेल तर त्यावरून गट पाड, नसेल तर फाइलचा पत्ता घे. पत्ता प्रत्येक फाइलीचा वेगळा असतो, म्हणून एकटं गाणं स्वतःपुरता एकाच गाण्याचा गट बनतं.

स्वल्पविरामानंतरचा भाग विसरू नका. नुसतं ग्रुपिंग लिहिलं तर रिकाम्या रकान्याच्या जागी फूबार प्रश्नचिन्ह धरतो. मग ग्रुपिंग नसलेली सगळी गाणी प्रश्नचिन्ह नावाच्या एकाच प्रचंड गटात जातात आणि शफल चालू असूनही अख्खा संग्रह ओळीने वाजू लागतो. 'शफल बिघडलं' अशी तक्रार ऐकू आली की आधी हे बघावं.

आता प्लेबॅक मेनूत ऑर्डर, त्यात 'शफल (अल्बम्स)' निवडा. 'रँडम' नको, तो एकच गाणं पुन्हापुन्हा उचलू शकतो. 'शफल (ट्रॅक्स)' तर नकोच, त्यात गट पाहिलेच जात नाहीत. प्लेलिस्ट आधी अल्बम आणि ट्रॅक नंबरप्रमाणे लावून घ्या, म्हणजे गटाच्या आतला क्रम बिघडायला वाव राहत नाही.

एक खाचखळगा क्यू फाइलींचा. सीडीची एकच मोठी फाइल आणि सोबत ट्रॅकच्या वेळा सांगणारी छोटी क्यू फाइल, असा संग्रह असेल तर त्या सीडीतल्या सगळ्या ट्रॅकचा पत्ता एकच असतो. वरच्या नमुन्यात ती अख्खी सीडी एक गट होऊन बसते. त्यासाठी नमुन्यात शेवटच्या टक्क्याच्या चिन्हानंतर, कंस बंद व्हायच्या आधी, एक उभी रेघ आणि मग टक्क्यांच्या दोन चिन्हांमध्ये सबसाँग हा शब्द घाला. तो त्या फाइलीतल्या ट्रॅकचा क्रमांक आहे, त्यामुळे ट्रॅक पुन्हा सुटे होतात.

मॅकवर, आणि जुन्या आयट्यून्समध्ये

इथे ही सोय तयारच मिळते. गाणी निवडा, कमांड आणि आय दाबा (विंडोजवरच्या आयट्यून्समध्ये कंट्रोल आणि आय), डिटेल्समध्ये ग्रुपिंगचा रकाना भरा. मग वरच्या कंट्रोल्स मेनूत शफलवर जा आणि साँग्ज, अल्बम्स, ग्रुपिंग्ज यांपैकी ग्रुपिंग्ज निवडा. शफल चालू करणं हे वेगळं बटण आहे, दोन्ही हवेत.

शास्त्रीय संगीतासाठी तिथे वर्क आणि मूव्हमेंट असेही रकाने आहेत. ते पाश्चात्त्य सिम्फनीच्या रचनेला धरून केलेत. विलंबित-द्रुतला ते ओढूनताणून लावण्यापेक्षा साधं ग्रुपिंगच ठेवा.

ही निवड मॅकपुरतीच चालते. तीच गाणी आयफोनवर नेलीत तर शफल पुन्हा सुटीसुटी करतो, कारण फोनवर ग्रुपिंगने शफल करायचा पर्याय दिलेला नाही. फोनसाठी पुढचा जोडफाइलीचा मार्ग.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: क्वॉड लिबेट या प्लेअरमध्ये ग्रुपिंगने शफल करणारं प्लगइन आहे, प्लगइनच्या यादीत जाऊन चालू करावं लागतं. स्ट्रॉबेरी या प्लेअरमध्ये अल्बमने शफल होतं, ग्रुपिंगने होत नाही.

गाडी आणि साधा फोन: जोडून एकच फाइल

गाडीचा स्टिरिओ, ब्लूटूथ स्पीकरची पेनड्राइव्हची खाच, साधा फोन, यांतलं कुणीही ग्रुपिंग वाचत नाही. तिथे एकच खात्रीचा उपाय आहे: गटातल्या फाइली जोडून एक फाइल करायची. मग शफलला त्या तोडताच येत नाहीत.

जोडफाइली मूळ संग्रहात ठेवू नका. 'जोडफाइली' असा वेगळा फोल्डर करा आणि तो फक्त पेनड्राइव्हसाठी वापरा. नाहीतर संगणकावर तोच राग एकदा सुटा आणि एकदा जोडलेला असा दोनदा येत राहील. आणि जोडल्यावर मूळ फाइली कधीही पुसायच्या नाहीत. उद्या फक्त द्रुत ऐकावंसं वाटलं तर ते सुटं मिळालं पाहिजे.

जोडायची चुकीची पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते: कमांडच्या खिडकीत कॉपीचा आदेश देऊन दोन एमपीथ्री एकापाठोपाठ चिकटवणं. फाइल तयार होते, वाजतेही, पण पहिल्या फाइलीच्या डोक्यावर असलेली लांबीची नोंद तशीच राहते. त्यामुळे पहिल्या भागाची वेळ संपली की स्टिरिओ गाणं संपलं असं दाखवतो, पुढे सरकवलं की भलत्याच जागी जातो, आणि सांध्यावर खट्ट असा आवाज येऊ शकतो.

सांध्यावर क्षणभराचा खड्डा का पडतो हे समजून घेणं उपयोगाचं आहे. एमपीथ्री आवाजाचे ठरावीक लांबीचे तुकडे करून साठवते. एका तुकड्यात ११५२ नमुने, म्हणजे सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ वेगाला सुमारे २६ मिलिसेकंद. गाणं नेमकं तुकड्याच्या सीमेवर संपत नाही, म्हणून शेवटी शांतता भरावी लागते, आणि एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) सुरुवातीलाही थोडी शांतता घालतो. दोन भजनांमध्ये हे कळत नाही. पण ठेका चालू असताना पंचवीस-तीस मिलिसेकंदांची पोकळी पडली की तबला अडखळल्यासारखा वाटतो. लेम नावाचा एन्कोडर ही शांतता किती हे फाइलीत नोंदवून ठेवतो आणि चांगला प्लेअर तेवढी कापून वाजवतो. नुसत्या चिकटवलेल्या फाइलीत दुसऱ्या भागाची ती नोंद कुणी वाचत नाही. फ्लॅक आणि वेव्ह या, आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलींच्या प्रकारांत ही अडचण मुळातच नसते.

बरोबर पद्धत फूबारमध्ये अशी. गटातल्या फाइली क्रमाने निवडा, उजवं बटण, कन्व्हर्ट, मग तीन टिंबांचा पर्याय. डेस्टिनेशनमध्ये 'मर्ज ऑल ट्रॅक्स इंटू वन आउटपुट फाइल' निवडा. आउटपुट फॉरमॅटमध्ये एमपीथ्री, ३२० किंवा २५६ केबीपीएस. एमपीथ्रीसाठी लागणारा एन्कोडर फूबारसोबत येत नाही, त्याच्याच संकेतस्थळावर फुकट एन्कोडर पॅक आहे, तो आधी बसवा. या पद्धतीत फूबार आधी फाइली पूर्ण उलगडतो, नोंदवलेली शांतता कापतो, आणि मग नव्याने एकच फाइल बनवतो. मूळ फ्लॅक असेल तर त्यावरूनच करा. फक्त एमपीथ्री असेल तर एकदा पुन्हा एन्कोड झाल्याने गाडीत ऐकताना फरक जाणवणार नाही, पण जोडफाइलीवरून पुन्हा जोडफाइल असं करत जाऊ नका, प्रत्येक फेरीत थोडं हरवतं.

निवेदन आणि गाणं जोडताना मध्ये श्वास हवा असतो. तिथे ऑडॅसिटी हा आवाज कापण्या-जोडण्याचा प्रोग्राम सोयीचा. दोन्ही फाइली इम्पोर्ट करा, निवेदनाच्या शेवटी कर्सर ठेवून जनरेट मेनूतून एक ते दीड सेकंदाची शांतता घाला. मग सगळं निवडा, ट्रॅक्स मेनूतून अलाइन ट्रॅक्स, अलाइन एंड टू एंड, आणि एक्स्पोर्ट करा. ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या फाइली मिसळल्या असतील तरी ऑडॅसिटी सांभाळून घेते. एमपीथ्री डायरेक्ट कटसारखे प्रोग्राम पुन्हा एन्कोड न करता जोडतात, पण त्यांना दोन्ही फाइलींचा वेग आणि मोनो-स्टिरिओ एकसारखं लागतं. जुन्या कॅसेटची एक बाजू मोनो आणि दुसरी स्टिरिओ करून मिळाली असेल तर तिथे त्यांचा उपयोग नाही.

गाडीसाठी जोडफाइल पंचवीस मिनिटांच्या आत ठेवता आली तर बरं. काही स्टिरिओ इंजिन बंद-चालू झालं की फाइल पुन्हा पहिल्यापासून लावतात. पेट्रोल पंपावर थांबलात, आणि चाळीस मिनिटांचा राग पुन्हा आलापापासून, असं होतं. शिवाय पुढचं गाणं हे बटण दाबलं की अख्खा गट जातो, त्यातला फक्त विलंबित नाही.

पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारात फॉरमॅट करा, जुने स्टिरिओ तोच ओळखतात. स्वस्तातले बरेच स्टिरिओ फाइली नावाने लावत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. शफल बंद ठेवून आरत्या ऐकायच्या असतील तर त्या एकेक करून, हव्या त्या क्रमाने कॉपी करा. स्टिरिओच्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसत असतील तर फाइलचं नाव आणि टॅग या पेनड्राइव्हपुरते रोमन लिपीत ठेवा.

आवाजाची पातळी आणि क्रॉसफेड

गट जमला, क्रम जमला, तरी सांधा खटकतो, असं झालं तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे क्रॉसफेड. हे सेटिंग एका गाण्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकमेकांत मिसळतं. सुट्या गाण्यांना ते छान वाटतं, पण विलंबिताची शेवटची सम आणि द्रुताची सुरुवात एकावर एक वाजली की दोन्ही जातात. क्रॉसफेड बंद, आणि गॅपलेस नावाचं, मध्ये पोकळी न सोडणारं सेटिंग असेल तर ते चालू.

दुसरी म्हणजे आवाज समान करणारी यंत्रणा, रीप्लेगेन. ती दोन तऱ्हेने काम करते. ट्रॅक गेनमध्ये प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे एकाच पातळीवर आणलं जातं. त्यामुळे मुळात हळू असलेला आलाप वर उचलला जातो, भरात आलेला झाला खाली ओढला जातो, आणि कलाकाराने बांधत नेलेली चढण सपाट होते. सांध्यावर आवाज अचानक पडतो. म्हणून जोडगाण्यांना अल्बम गेन हवा. फूबारमध्ये एका गटातल्या फाइली निवडा, उजवं बटण, रीप्लेगेन, 'स्कॅन सिलेक्शन ॲज अ सिंगल अल्बम'. प्रत्येक गटासाठी हे वेगळं करायचं. मग प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली रीप्लेगेनचा सोर्स मोड अल्बम ठेवा. गटातल्या सगळ्या फाइलींना सारखंच कमी-जास्त होतं आणि आतला चढ-उतार कलाकाराने ठेवला तसाच राहतो.

पूर्ण संग्रहाला लावण्याआधी

तीन गट आणि दहा सुटी गाणी एवढीच एक प्लेलिस्ट करा. तीन गटांत तिन्ही प्रकार असू द्या: एक विलंबित-द्रुत, एक निवेदन-गाणं, एक कॅसेटच्या दोन बाजूंचा. शफल लावा. पूर्ण ऐकत बसायची गरज नाही, प्रत्येक गाणं शेवटच्या पंधरा सेकंदांपर्यंत सरकवा आणि पुढे काय येतं ते बघा.

गट मधूनच तुटला तर दोन फाइलींच्या ग्रुपिंगमधला मजकूर वेगळा आहे. एकातला कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट करा. द्रुत आधी आणि विलंबित नंतर आलं तर ट्रॅक नंबर किंवा डिस्क नंबर तपासा. एकच गट तासन् तास चालला तर त्याचं नाव फार ढोबळ आहे, किंवा फूबारच्या नमुन्यात स्वल्पविरामानंतरचा भाग राहिलाय. गट द्रुतापासूनच सुरू झाला तर बहुधा तुम्हीच त्या गाण्यावर दोनदा क्लिक करून सुरुवात केलीये. हाताने निवडलेलं गाणं प्लेअर आहे तिथूनच वाजवतो, गटाच्या सुरुवातीला परत जात नाही. आणि पुढचं गाणं हे बटण संगणकावर गटाच्या आतच पुढे नेतं. विलंबित नको म्हणून ते दाबलं तर द्रुत येतं, नवा गट येत नाही.

कॅसेटवरून नवीन साहित्य करून आणलंत तर आणखी एक तपासा. ते दुकानात शांतता शोधून आपोआप तोडलेलं असेल, तर भजनी मंडळाने दोन चरणांमध्ये घेतलेला श्वासही गाण्याचा शेवट समजून फाइल कापलेली असते. एका अभंगाचे तीन-चार तुकडे झालेले दिसतात. अशा तुकड्यांना ग्रुपिंग देत बसू नका. ते ऑडॅसिटीत जोडून एकच फाइल करा आणि तीच मूळ म्हणून ठेवा. आणि पुढच्या कॅसेटच्या वेळी दुकानदाराला आधीच सांगा की बाजू न तोडता, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये, एका बाजूची एक फाइल करून द्या.